चुन्याखालची अक्षरं

मुरायो हाजोवच्या तळहातांवर रेषा अशा उरल्याच नव्हत्या. पन्नास वर्षं चुना कालवून कालवून त्या पार झिजून गेल्या होत्या. समुद्रकाठच्या कुदार गावच्या बायका गमतीनं म्हणायच्या, "हिचं नशीब कोण वाचणार? अल्लालासुद्धा दिसायचं नाही." मुरायो हसायची. ती तशी भित्रीच होती. भरती मोठी असली की तिला झोप लागत नसे, आणि रस्त्यात बंदूकवाला दिसला की ती पायातल्या चपला हातात घेऊन गल्ली बदलायची. चपलांचा आवाज होतो म्हणून.

तिच्या घराण्याचा धंदा चुन्याचा. समुद्रातला पांढरा खडक भट्टीत भाजायचा, पाण्यात विरवायचा, पंधरा दिवस मुरू द्यायचा आणि मग मशिदी, घरं, कबरी रंगवायच्या. कुदारमध्ये या लोकांची दहा-बारा घरं होती. त्यांना कुळ होतं, पण ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. गावात मोजली जायची ती कुळं दोनच, दीमाल आणि वाबरी. दीमाल उंटांमागून आले, वाबरी गुरांमागून. आधी कोण आलं यावरून त्यांचे आजे-पणजे चहा पिता पिता वाद घालायचे, आणि वाद संपला की एकमेकांना मुली द्यायचे. नातवांच्या हातात बंदुका आल्या तेव्हा वाद तोच राहिला, फक्त चहा गेला.

गावाच्या दक्षिणेला, अगदी लाटांच्या तोंडाशी, गोल घुमटाची एक जुनी कबर होती. तिला सगळे सुलतानाची कबर म्हणत. सुलतान कोण, कुठला, हे कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. दोन्ही कुळांतल्या बायका तिथं मूल व्हावं म्हणून नवस बोलत, तिळाचं तेल वाहत, मक्याची पेज वाटत. दरवर्षी रजब महिन्यात मुरायो आतबाहेर चुन्याचा एक हात द्यायची. तिच्या आधी बापानं दिला होता, बापाच्या आधी आज्यानं.

आतल्या भिंतीत एक दगड होता आणि त्यावर अक्षरं होती, हे मात्र मुरायोला माहीत होतं. ती दहा वर्षांची असताना बापानं तो कोपऱ्यात वीतभर खरवडून तिला दाखवला होता. तिचा बाप हाजोव हा गावातल्या जुन्या थडग्यांवरची आडवीतिडवी अरबी अक्षरं वाचायला आपलं आपण शिकला होता, आणि मुलगा नव्हता म्हणून त्यानं ती विद्या मुलीला दिली होती. अल्लाच्या नावाच्या पहिल्या दोन ओळी वाचून झाल्या तसा त्यानं कुंचा उचलला. "पुढचं काय आहे, आब्बा?" तिनं विचारलं. "पुढचं वाचायचं नाही," तो म्हणाला, "दिसलं की भांडण." आणि त्यानं एकावर एक तीन हात चुना मारला.

त्याचं म्हणणं खरं व्हायला बरोब्बर अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

जिल्ह्याला नवी परिषद मिळणार होती. परिषदेतल्या जास्त जागा गावातल्या मूळच्या कुळाला द्यायच्या, असं कुणीतरी वर ठरवलं. मग मूळचं कोण? वाबरींचा समतर नावाचा एक माणूस वीस वर्षं कॅनडात राहून परत आला होता. त्यानं चौकातल्या रेडिओवर सांगितलं की सातशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर वाबरी सुलतानांचं राज्य होतं, चीनपर्यंत त्यांची गलबतं जात, आणि पुरावा म्हणजे ती कबर. दुसऱ्याच दिवशी दीमालांच्या एका कवीनं त्याच रेडिओवर उत्तर दिलं: सुलतान आमचा, तुम्ही त्याच्या गाईंचे राखणदार! ती ओळ आठवडाभर गावात पोरीबाळींच्या तोंडी झाली. पुढच्या आठवड्यात विहिरीवर गोळी चालली आणि उंटिणीचं दूध विकणारी एक बाई जागच्या जागी गेली. तिचा कुठल्याच सुलतानाशी संबंध नव्हता.

त्यानंतर बाजारात कुणी कुणाशी मोठ्यानं बोलेना. भाव विचारायच्या आधी लोक विचारू लागले, "तू कुणाची?" मुरायो म्हणायची, "चुनेवाल्यांची." समोरचा क्षणभर बघायचा, आणि तो क्षण तिला वर्षासारखा वाटायचा.

शनिवारी सकाळी समतर तिच्या घरी आला. एकटाच, स्वच्छ सदरा, हातात खजुराचा डबा. उंबऱ्याबाहेर चपला काढून तो चटईवर बसला.

"आत्या, तब्येत कशी आहे?"

"अल्लाची कृपा."

"झैतून शाळेत गेली का? ती दुसरीच्या वर्गाला शिकवते ना? विहिरीकडच्या खोलीत. खिडकी तुटलेली आहे बघा तिथली, दुरुस्त करून घ्यायला पाहिजे."

झैतून मुरायोची एकुलती एक मुलगी. खिडकी तुटलेली आहे हे मुरायोलाही माहीत नव्हतं.

"आत्या, त्या कबरीतला दगड चुन्यानं झाकलाय म्हणतात. तुमच्याच घराण्यानं झाकला. तो मोकळा करून द्या. शुक्रवारी चिंचेखाली सभा आहे, दोन्हीकडचे वडीलधारे येणार आहेत. सगळ्यांना बघू दे. खरं बाहेर यायला कुणाची हरकत असणार?" तो इतक्या हळू आवाजात बोलत होता की तिला पुढं वाकून ऐकावं लागत होतं.

रविवारी दीमालांचा अवाले आला. त्याला हळू बोलणं जमत नसे. तो बंदराच्या नाक्यावर चौकी चालवायचा. मागं मशीनगन बसवलेली गाडी त्यानं तिच्या दारात आडवी लावली, आणि खातची नशेची पानं चघळत आत शिरून तिच्या चुन्याच्या रांजणात डोकावला.

"म्हातारे, तो कॅनडावाला आला होता म्हणे. खजूर गोड होते का?"

"खाल्ले नाहीत अजून."

"खा खा, आमचे कुठं आहेत! हे बघ, तो दगड उघडायचा नाही. त्याच्यावर काय आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही. छिन्नी घे आणि शुक्रवारच्या आत तो कोरा कर. नाही केलास, आणि त्यावर त्यांचं नाव निघालं, तर तुझ्याच नखांनी खरवडायला लावीन. कळलं?"

"कळलं, दादा."

"शहाणी आहेस." जाताना त्यानं एक खजूर तोंडात टाकला.

एकानं उघड म्हणायचं, दुसऱ्यानं पुसून टाक म्हणायचं, आणि दोघांचा वार एकच, शुक्रवार. मुरायोनं दार लावून घेतलं, आणि कडी झैतूननं येऊन घातली.

"आई, आपण निघून जाऊ," झैतून म्हणाली.

"कशी? वारा दक्षिणेचा आहे. होड्या अजून वर ओढलेल्या आहेत, समुद्र उघडायला दहा दिवस तरी आहेत. आणि रस्त्यावर एकीकडे ह्यांची चौकी, एकीकडे त्यांची."

"मग सभेत सांग की तुला वाचता येत नाही. चुनेवाल्या बाईला वाचता येतं असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही."

हा सल्ला चांगला होता. तो पाळला असता तर ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं.

मंगळवारी दुपारी, गाव नमाजाला गेलेलं असताना, मुरायो सुरी आणि पाण्याचा डबा घेऊन कबरीत गेली. उघडायला नव्हे आणि पुसायलाही नव्हे. मरायचंच असेल तर कशापायी, एवढं तरी कळू दे, असं तिला वाटलं होतं. चुना ओला करून तिनं एकेक पापुद्रा काढायला सुरुवात केली. वरचे थर तिचे, त्याखालचे बापाचे. बाहेर लाट आपटली की प्रत्येक वेळी ती दचकून दाराकडे बघायची. तासाभरानं पाच ओळी मोकळ्या झाल्या.

तिनं बोट फिरवत वाचलं. मग परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झालं तशी ती खाली बसली.

तिथं कुणी सुलतान नव्हता.

तेवढ्यात दारात सावली पडली. एक अनोळखी तरुण उभा होता, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. त्यानं काही विचारलं नाही. फोन वर धरला, दगडाचा फोटो काढला, एक तिचाही काढला, आणि निघून गेला. तो कुणाचा माणूस होता हे तिला कळलंच नाही. तिनं रडत रडत, ओंजळीनं चुना घेऊन दगड परत झाकला. पण फोटो निघाला तो निघाला.

शुक्रवारी चिंचेखाली दीडदोनशे माणसं जमली. दीमाल एका बाजूला, वाबरी दुसऱ्या बाजूला, मधे तीन चटयांचं अंतर. कबर राखणारी म्हणून मुरायोला बोलावणं होतंच. ती बायकांच्या मागं, झैतूनचा हात घट्ट धरून बसली होती. मधल्या चटईवर मुन्येकाका होते, जुन्या मशिदीचे इमाम, मुरायोच्या बापाचे दोस्त. त्यांना बघून तिला थोडा धीर आला.

समतरनं आपला संगणक उघडून त्यावर फोटो दाखवला. "हा पाहा दगड. परदेशातल्या जाणकारांनी वाचलाय. दुसऱ्या ओळीत स्पष्ट 'सुलतान' असं आहे, आणि पुढं आमच्या मूळ पुरुषाचं नाव."

अवाले उठला. त्याच्याही हातात तोच फोटो होता, कागदावर छापलेला. रुमालवाल्यानं तो दोघांनाही विकलेला होता. अवालेनं आपल्या शेजारच्या मौलवीच्या हातात कागद दिला. मौलवीनं घसा साफ करून वाचायला सुरुवात केली, आणि त्याला तिसऱ्या ओळीत दीमालांचं नाव सापडलं.

"खोटं!" वाबरींतून कुणीतरी ओरडलं.

"तुझा बाप खोटा!"

बंदुकांच्या खटक्यांचा आवाज झाला, आधी एक, मग सलग. बायका मुलांना पोटाशी धरून वाकल्या. एक म्हातारा हात वर करून म्हणाला, "थांबा! मुन्ये शेखना वाचू द्या. ते कुणाचेच नाहीत."

कागद मुन्येकाकांच्या हातात गेला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. "माझे डोळे आता चालत नाहीत," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

मौलवीनं कागद परत ओढून घेतला आणि पुन्हा सुरू केलं. तेव्हा मुरायोच्या तोंडून निघून गेलं, अगदी सहज, जसं कुणी चुन्यात जास्त पाणी घालताना दिसलं की तिच्या तोंडून निघायचं:

"कागद उलटा धरलाय त्यांनी."

दोनशे माणसं तिच्याकडे वळली. झैतूनची नखं तिच्या मनगटात रुतली.

"कोण बोललं?" अवाले.

"आत्या," समतर तितक्याच हळू म्हणाला, "तुम्हाला वाचता येतं?"

आता नाही म्हणायला जागाच नव्हती. तिला पुढं आणलं. कुणीतरी कागद सरळ करून तिच्या हातात दिला. तिला खरं तर कागदाची गरज नव्हती, ओळी पाठ झाल्या होत्या. तिनं चिंचेच्या खोडाला पाठ टेकली. खोटं सांगावं असं तिच्या मनात आलं. पण कुणाच्या बाजूचं? कुठलंही खोटं अर्ध्या गावाला बंदुका चालवायला पुरेसं होतं. म्हणून तिनं आहे तेच वाचलं.

"ही कबर याकूब सुताराची मुलगी हुबैबा हिची," ती म्हणाली. "समुद्रापलीकडून आली, साथीच्या वर्षी वारली, हिजरी सातशे बावीस साली. सोबत तिची दोन लेकरं. एक इद्रिस. दुसऱ्याचं नाव ठेवायचं राहिलं. वाचणाऱ्या, आमच्यासाठी फातिहा म्हण."

चिंचेवरच्या कावळ्यानं पंख झाडले. एका म्हातारीनं, ती कुठल्या बाजूची होती कोण जाणे, सवयीनं हात वर करून फातिहा पुटपुटायला सुरुवात केली. मग दीमालांतून कुणीतरी फिसकन हसलं.

"अरे वाबरींनो," अवाले ओरडला, "तुमचा सुलतान बाळंतीण निघाला की रे!"

"आमचा? तुमच्याच आज्या तिथं मुलं मागायला जात होत्या! सुताराच्या पोरीपुढं डोकं टेकवलंय तुम्ही!"

हसू दोन्हीकडे पसरलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. कुणीतरी हवेत गोळी झाडली आणि सभा उधळली. धावपळीत अवाले तिच्या अंगावरून जाताना म्हणाला, "उद्या रेडिओवर सांगायचं, तुला वाबरींनी शिकवून पाठवलं होतं म्हणून." समतर आला तो थांबला. त्यानं तिच्या खांद्यावरची चिंचेची पानं झटकली. "घरी जा, आत्या," तो म्हणाला. "बोलू आपण."

त्या दोन शब्दांनी तिला पुढचे आठ दिवस झोपू दिलं नाही.

ती रेडिओवर गेली नाही. दोघी घरात कोंडून राहिल्या. शेजारची बार्लीन रोज सकाळी त्यांच्या चुलीतला विस्तव मागायला यायची, ती यायची थांबली. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावर एक गाठोडं सापडलं. आत पांढरं कोरं कापड होतं, मापानं कापलेलं, दोन तुकडे. एक मुरायोच्या उंचीचा आणि एक त्याहून वीतभर लांब. झैतून आईपेक्षा वीतभर उंच होती.

"कापड चांगलं आहे," झैतून म्हणाली आणि हसायला गेली, पण तिचे दात वाजायला लागले. मुरायोनं ते तुकडे चुलीत घातले. कोरं कापड पेटता पेटेना. धुरानं घर भरलं तरी तिनं खिडकी उघडली नाही.

पाचव्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या वेळी जमीन हादरली आणि भिंतीवरचा गिलावा पडला. कुणीतरी कबर उडवून दिली होती. वाबरी म्हणाले दीमालांनी, दीमाल म्हणाले वाबरींनी. आमच्या कुदारला आजही विचाराल तर ज्याला विचाराल तो दुसऱ्याकडे बोट दाखवील. खरं तर सुताराच्या मुलीची कबर आता दोघांनाही नकोशी झाली होती. त्या संध्याकाळी बाजारात सात माणसं मेली. त्यातली तीन चुनेवाल्यांची होती.

वारा फिरला त्या पहाटे बाकोव नाखव्यानं पहिली होडी पाण्यात लोटली. मुरायोचा नवरा जिवंत असताना त्याच्या होडीवर काम करायचा, त्या ओळखीवर त्यानं दोघींना सुक्या मासळीच्या टोपल्यांमागं बसवलं. दोघींनी अंगावरच्या लुगड्यांखेरीज काही घेतलं नव्हतं. होडी सुटणार तेवढ्यात वाळूवरून कुणीतरी धापा टाकत आलं. मुरायोनं डोळे मिटून घेतले.

ते मुन्येकाका होते. गुडघाभर पाण्यात येऊन त्यांनी होडीचा काठ धरला. त्यांच्या हातात, दुआ देताना वाटतात तशी, तुपात तळलेल्या कॉफीच्या बियांची वाटी होती, बरीचशी वाटेत सांडलेली.

"मुरायो, पोरी, मी वाचलं होतं," ते म्हणाले. "दिसत होतं मला. तू वाचलंस तसंच होतं, अक्षर न् अक्षर. पण मला भीती वाटली."

मुरायोनं त्यांच्याकडे बघितलं. चिडावं असं तिला खूप वाटलं, पण जमलं नाही.

"मलाही वाटली होती, काका," ती म्हणाली.

त्यांनी काठ सोडला.

आता मुरायो मोंबासात असते, जुन्या शहरात, एका अरुंद जिन्यावरच्या दोन खोल्यांत. झैतून तिथल्या मुलांना शिकवते, तिचं लग्न झालं, घरात दीड वर्षाची नात आहे. मुरायो लोकांच्या घरांच्या भिंती रंगवते. चुना तिथं पिशवीत मिळतो, आणि त्याला ती चुना म्हणत नाही, पीठ म्हणते. खाली चहाच्या दुकानात कुदारचे तीनचार जण बसतात. त्यांचं अजून चालू आहे: सुलतान कुणाचा? बाईबिईचं सगळं खोटं, कुणा वेडीनं उठवलेलं. ती वेडी वरच्या मजल्यावर राहते हे त्यांना माहीत नाही, म्हणून मुरायो बाजारात मागच्या बोळातून जाते. चार वर्षं झाली. अजूनही खोलीत बसताना तिला दार समोर लागतं.

गेल्या रमजानमध्ये फोन वाजला. मुन्येकाका होते, आवाज पार खोल गेलेला.

"मुरायो, समेट झालाय. दोन्ही कुळं मिळून कबर नव्यानं बांधताहेत. संगमरवरी पाटी आणलीय. नावाची जागा मोकळी ठेवलीय, ठरेल तेव्हा ठरेल. त्यांना चुन्याचा जाणता माणूस पाहिजे. अवाले स्वतः म्हणाला, त्या म्हातारीला विचारा. समतरनं सलाम सांगितलाय तुला आणि झैतूनला. आणि बाळालाही."

नात झाल्याचं मुरायोनं काकांना कधीच कळवलं नव्हतं.

"पोरी? ऐकतेस ना?"

"चुना किती दिवस मुरवताहेत?" तिनं विचारलं.

"दोन-तीन दिवस, मला वाटतं. घाई आहे त्यांना."

"मग तो पहिल्या पावसात निघेल," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

मग तिनं फोनचं मागचं झाकण काढलं, आतलं सिमकार्ड बाहेर काढून सुरीनं त्याचे चार तुकडे केले, आणि झैतून शाळेतून यायच्या आत नातीला उचलून खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, खिडकीतून दिसणार नाही अशी, भिंतीला पाठ लावून बसली.